वैशाखातली गिरणा, तापी आणि पांझरा

दिवस पहिला : भडगाव, जामदा, गिरणा धरण

मामा म्हणतात, पाणी बघायचं तर वैशाखात बघावं; भाद्रपदात ते आंधळ्यालाही ऐकू येतं. म्हणून वैशाखाच्या तोंडावर, आखाजीच्या म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या चार दिवस आधी, भडगावातून पहाटे पाचला आम्ही दोघं गाडी काढून निघालो. मामांची चौतीस वर्षं पाटबंधाऱ्यात, कालव्यावर गेली. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी खिशात लहान वही आणि मोजायचा टेप असतोच. जिथे थांबू तिथे मागच्या पाण्याची खूण कुठे, आजचं पाणी कुठे, मधलं अंतर किती, एवढं लिहून घ्यायचं. मी जळगावला शाळेत भूगोल शिकवते. नदीला पाणी कुठून मिळतं हे दरवर्षी फळ्यावर लिहिते. ते जातं कुठे, हे मला एकदा पायाखाली घेऊन बघायचं होतं.

पहिला थांबा अर्ध्या तासातच, गिरणेच्या पात्रात. उजाडलं होतं. पलीकडच्या काठाजवळ दोन बायका झिऱ्यावर बसल्या होत्या. गुडघाभर खोल खड्डा, तळाशी ताटाएवढं पाणी. एकीच्या हातात स्टीलची वाटी. ती वाटी बुडवत नव्हती, पाण्यावर आडवी धरून कडेनं अलगद आत घेत होती. चार-पाच वाट्या झाल्या की थांबायची. वाळूतून पाणी पुन्हा पाझरायचं, कडेचे दाणे एकेक करून आत घसरायचे, मग तळ शांत व्हायचा. मी विचारलं, एवढा वेळ का लागतो? ती म्हणाली, "घाई कयी ते गढूळ येस माय. दम धरीसन भरनं पडस."

माझ्या लहानपणी हाच झिरा वीतभर उकरला की लागायचा. पाऊस तेव्हाही तेवढाच पडायचा. फरक पात्रात आहे. वाळू म्हणजे नदीची टाकी. दाण्यांच्या मधल्या पोकळीत पाणी भरून राहतं आणि दोन-अडीच फुटांखाली ऊन त्याला सहज काढून नेऊ शकत नाही. मामांनी तिथेच उकिडवं बसून वहीत हिशेब केला. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट वाळू. तिच्यात साधारण तिसरा हिस्सा पोकळी धरली तर नऊशे-साडेनऊशे लिटर पाणी मावतं. एक ब्रास वाळू ट्रॉलीत भरून गेली की तेवढी टाकी फुटली. पलीकडे काठाला ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या पात्रात उतरलेल्या दिसत होत्या आणि जिथे त्या संपत होत्या तिथे काळी चिकणी माती उघडी पडली होती. तिथे झिरा लागत नाही.

वाळू गेली की पात्र खोल जातं, आणि पात्र खोल गेलं की काठच्या विहिरींचं पाणीही त्याच्या मागे खाली उतरतं. हे उलटंही घडतं. पूर्वी पावसाळ्यानंतर काठच्या जमिनीतलं पाणी हळूहळू नदीत पाझरायचं, म्हणूनच हिवाळाभर आणि फाल्गुनापर्यंत नदी वाहायची. आता काठच्या विहिरींतलं पाणी पात्राच्या तळापेक्षा खाली आहे. पाणी नदीकडे येतच नाही, नदीतलंच विहिरींकडे जातं. शाळेच्या पुस्तकातल्या चित्रात बाण नदीकडे काढलेला असतो. भडगावात तो बाण उलटा काढायला हवा.

जामद्याला पोचेपर्यंत ऊन चढलं. हा बंधारा ब्रिटिश काळातला. इथून नदीचे दोन हात होतात, जामदा डावा कालवा आणि जामदा उजवा कालवा. पुढे चाळीसगाव, भडगाव, पाचोरा, एरंडोल या बाजूंचं सगळं गणित इथल्या दारांवर चालतं. मामा त्या दारांच्या दांड्यावर हात ठेवून बराच वेळ उभे होते. ते काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही.

पाण्याचं आवर्तन म्हणजे काय ते त्यांनी मला गाडीत सांगितलं. उन्हाळ्यात गिरणेत जे पाणी दिसतं ते नदीचं नसतं, धरणातून ठरलेल्या तारखेला सोडलेलं असतं. आठ-दहा दिवस नदीचा कालवा होतो, मग पुन्हा वाळू. सोडलेल्या पाण्यातलं पहिलं पाणी कोरडी वाळू पिते. जेवढा जास्त दिवस पात्र कोरडं, तेवढी तिची तहान मोठी. मग काठावरच्या मोटारी. पिण्याचं आवर्तन असलं की काठाची वीज तोडावी लागते, नाहीतर पाणी शेवटच्या गावापर्यंत पोचतच नाही. "मी स्वतः रात्री बॅटरी घेऊन फिरलोय," मामा म्हणाले. "ज्याची मोटार बंद करायची तोही आपलाच, आणि खाली ज्याचा हंडा रिकामा तोही आपलाच."

दुपारी गिरणा धरण. नाशिक जिल्ह्यातल्या नांदगाव तालुक्यात, पांझण गावाजवळ. १९६९ साली पूर्ण झालं. एकूण साठा साडेएकवीस टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला तीन टीएमसी मृतसाठा, म्हणजे दारांखालचा, एरवी सोडता न येणारा. भिंतीजवळच्या खडकावर पाण्यानं सोडलेले पट्टे एकाखाली एक दिसत होते, जणू कुणी चुन्यानं ओढलेले. सगळ्यात वरचा पट्टा आणि आजचं पाणी यांच्यात चार मजली घर उभं राहील एवढं अंतर. हे अंतर फक्त उन्हानं पाडलेलं नाही. मालेगाव शहर इथून पितं, नांदगावची छप्पन्न खेड्यांची योजना इथून पिते, जळगाव जिल्ह्यातली शेती इथून भिजते.

आणि वर बघायचं तर गिरणेच्या डोक्यावर चणकापूर धरण आहे, पुनद आहे, मोसम नदीवर हरणबारी, आरम नदीवर केळझर. आधी ती भरतात, मग खाली येतं. २०१९ साली गिरणा धरण बऱ्याच वर्षांनी काठोकाठ भरलं तेव्हा भडगावातून लोक ट्रॅक्टर भरून ते बघायला गेले होते. आमची आईही गेली होती. तिनं भिंतीवरून पाण्यात हळद-कुंकू वाहिलं होतं.

मामांनी वहीत लिहिलं आणि आम्ही परत फिरलो.

दिवस दुसरा : जळगाव, हतनूर, चांगदेव

जळगावला चहापुरतं थांबलो. अजिंठ्याची लेणी ज्या वाघूर नदीच्या वळणावर कोरली, तीच वाघूर पुढे धरणात अडून माझ्या घरच्या नळाला येते. सकाळी बादली भरताना मला हे कधीच आठवत नाही. आज आठवलं.

भुसावळ ओलांडून हतनूरला पोचलो तेव्हा साडेदहा वाजले होते आणि काचेला हात लावता येत नव्हता. तापीवरचं हे धरण एक्केचाळीस दारांचं. पावसाळ्यात ही दारं उघडल्याच्या बातम्या पेपरात रोज असतात. उन्हाळ्यात इथे कुणी येत नाही. दारं बंद, मागे हिरवट पाणी, कडेला टिबुकल्या आणि दूर उथळात उभे करकोचे. दीपनगरचं औष्णिक वीज केंद्र, वरणगावचा दारूगोळ्याचा कारखाना, भुसावळची रेल्वे, गावं, आणि उजव्या कालव्यानं यावल-चोपड्याकडची शेती, एवढ्यांच्या माना या पाण्याकडे वळलेल्या.

मी पट्टीवरचा आकडा वाचून म्हटलं, "मामा, त्या मानानं पाणी बरं आहे की."

"पट्टी पाण्याचा माथा सांगते," मामा म्हणाले, "तळ कुठे सांगते?"

पूर्णा नदी विदर्भातून, अकोल्याकडच्या काळ्या मातीतून येते. मेळघाटाच्या पायथ्यापासून इथवर नांगरलेली, उघडी जमीन. पहिल्या पावसात ती माती पूर्णेतून हतनूरमध्ये उतरते आणि बसते. तळ वर आला की पातळी तीच दिसते, पाणी मात्र कमी असतं. त्यावर वैशाखाचं ऊन. या दिवसांत पाण्याचा थर दिवसाला जवळजवळ सेंटिमीटरभर उडतो. एक हेक्टर पाण्यावरून एक सेंटिमीटर म्हणजे एक लाख लिटर. उथळ आणि पसरट जलाशयात ही गळती सगळ्यात मोठी, कारण गाळ पाण्याला खोल राहू देत नाही, पसरायला लावतो. आपण नांगरलेली माती आपल्याच धरणात येऊन पाण्याची जागा घेते, हे मला इथे उभं राहूनच नीट कळलं.

संध्याकाळी चांगदेव. तापी आणि पूर्णा जिथे भेटतात तिथलं जुनं दगडी देऊळ. महाशिवरात्रीला इथे जत्रेची रीघ असते. आम्ही गेलो तेव्हा पुजारी, एक कुत्रं आणि दोन नावाडी. घाटाखाली गाळ वाळून ताटाएवढ्या खपल्यांत फुटला होता. एक खपली उचलली. वर बारीक, मऊ, खाली भरड. मधोमध एक गडद पट्टी, त्याखाली पुन्हा बारीक, पुन्हा भरड. एकेका पुरानं आणलेला एकेक थर. मामांनी ती रुमालात बांधून घेतली. मला वाटलं फेकतील, पण ती शेवटपर्यंत डिकीत होती.

मुक्कामाला फैजपूर. रात्री शेवभाजी, कळण्याची भाकरी आणि ठेचा. झोप लागेपर्यंत बाहेर तापमान उतरलं नाही.

दिवस तिसरा : सावदा, रावेर, यावल

हा दिवस मला सगळ्यात जड गेला, म्हणून सविस्तर लिहिते.

फैजपूर-सावद्यापासून रावेरपर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळी. भर उन्हाळ्यात, आभाळ पांढरं पडलेलं असताना, एवढा हिरवा रंग महाराष्ट्रात दुसरीकडे दिसणं अवघड. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. इथल्या कष्टांबद्दल मला मनापासून आदर आहे, हे आधीच सांगते. बागेच्या कडेला शेवरी लावायची, गरम वाऱ्याकडून हिरवी जाळी बांधायची, घडांना पानांनी झाकायचं. लेकराला जपावं तसं हे लोक केळीला जपतात.

मामांच्या ओळखीचे एक आप्पा सावद्याजवळच्या शेतात भेटले. सत्तरी ओलांडलेले. खळ्यावर बसवून ताक दिलं आणि मग बागेत नेलं. केळीत शिरलं की हवा बदलते, अंगावर गारवा येतो. आप्पांनी ठिबकच्या नळीचा एक थेंब तळहातावर घेऊन दाखवला. उन्हाळ्यात मोठ्या झाडाला दिवसाला वीस लिटरच्या आसपास पाणी लागतं. पाच बाय पाच फुटांवर लावलेली एकरी सतराशे-साडेसतराशे झाडं. मी मनात गुणाकार केला : एका एकराला दिवसाला पस्तीस हजार लिटर. खेड्यात माणशी पंचावन्न लिटर धरतात. म्हणजे एक एकर केळी आणि सहाशेवर माणसांचं गाव यांची रोजची तहान सारखी. आणि हे ठिबकवर, पाटानं दिलं तर आणखी जास्त. ठिबक आलं तेव्हा पाणी वाचलं हे खरंच. पण वाचलेल्या पाण्यावर शेजारचं कोरडवाहू शेतही केळीखाली आलं, असं आप्पाच म्हणाले.

त्यांची जुनी विहीर बांधाला आहे. दगडी, गोल, आत उतरायला पायऱ्या, वरच्या थारोळ्यावर मोटेच्या सोंडेनं पडलेली खाच. खाचेत बोट घातलं तर पेरभर जातं. इतकी वर्षं बैलांनी पाणी ओढलं तेव्हा कुठे एवढी खाच पडली. "पह्यले वाकून पाह्यलं का पानी दिसे," आप्पा म्हणाले. "मंग विहिरीत आडवे-उभे बोर मारले. मंग ते बी आटले. आता बाजूला ट्यूबवेल. पानी दिसत नही, नुसता आवाज येतो." विहिरीत मी खडा टाकला. खट्ट असा कोरडा आवाज बऱ्याच वेळानं वर आला.

रावेर आणि यावल हे तालुके भूजल खात्याच्या भाषेत अतिशोषित. म्हणजे वर्षाला जमिनीत जेवढं पाणी मुरतं त्याहून जास्त आपण काढतो. यात मन खाणारी गोष्ट वेगळीच आहे. महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या बसाल्टवर बसलेला, त्यात पाणी मुरायला जागाच थोडी. पण सातपुड्याच्या पायथ्याशी डोंगरातून आलेल्या दगडगोट्यांचा जाड पट्टा आहे. त्याला बझाडा म्हणतात. खाली तापीपर्यंत गाळाची खोल जमीन. सुकी, मोर, भोकर या सातपुड्याच्या नद्या या पट्ट्यावर आल्या की गोट्यांत गडप व्हायच्या आणि तेच पाणी खाली विहिरींना मिळायचं. निसर्गानं याच दोन तालुक्यांना एवढी मोठी टाकी दिली होती. मोठी होती म्हणूनच ती संपेल असं कुणाला वाटलं नाही.

शेतीची वीज आठ तास आणि तीही बहुतेक वेळा रात्री, म्हणून मोटारींना ऑटो स्विच. वीज आली की शिवारातल्या सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात, कुणी जागं असो वा नसो. बागेला पाणी हवं असो वा नसो. आप्पांनी आपला ऑटो स्विच मागच्या वर्षी काढून टाकला. मुलगा रागावला. आता रात्री मुलालाच उठून जावं लागतं, म्हणून दोघांत बोलणं कमी झालंय. मला दोघांचंही बरोबर वाटलं आणि त्यावर काय बोलावं ते सुचलं नाही.

आप्पांना सगळ्यात जास्त बोलायचं होतं ते तापी मेगा रिचार्जबद्दल. पावसाळ्यात तापीचं वाहून जाणारं पाणी सातपुड्याच्या पायथ्याला वळवून त्याच गोट्यांच्या पट्ट्यात मुरवायचं. मे २०२५ मध्ये मध्य प्रदेश आणि महाराष्ट्रानं त्याच्या करारावर सह्या केल्या. आप्पांच्या मते ते व्हायलाच पाहिजे. माझंही तेच मत आहे, पण टाकीत पाणी घालायच्या बरोबरीनं तोटीकडे कोण बघणार, हेही करारात असायला हवं. मी तसं म्हटलं. आप्पा हसले नाहीत. म्हणाले, "तोटी आमच्याच हातात हाये ना, ताई."

निघताना त्यांनी पिकल्या केळ्यांची फणी गाडीत ठेवली. मामांनी विहिरीची खोली वहीत लिहिली. पाण्यापुढे मात्र रेघ ओढली.

दिवस चौथा : चोपडा, शिरपूर

दिवसभर प्रवासच. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यानं यावल, चोपडा करत शिरपूर. वाटेत हतनूरचा कालवा एक-दोनदा आडवा आला, कोरडा. तळाला काटेरी झुडपं.

शिरपूर तालुक्यात भूगर्भशास्त्रज्ञ सुरेश खानापूरकर आणि तिथले तेव्हाचे आमदार अमरीशभाई पटेल यांनी २००४ पासून नाले रुंद-खोल करून त्यावर साखळीनं बंधारे घालण्याचं काम सुरू केलं. तापीच्या गाळाच्या जमिनीत पिवळ्या मातीचा घट्ट थर असतो, त्यातून पाणी खाली झिरपत नाही. तो थर फोडला की खालच्या वाळूत पाणी उतरतं. एका नाल्यात आम्ही उतरलो. पंधरा-वीस फूट उभा कापलेला काठ, पिवळा थर आणि त्याखाली दमट वाळू स्वच्छ दिसत होती. वाळूला हात लावला, गार लागली. जवळच्या शेतकऱ्यानं सांगितलं की विहिरीला वैशाखातही पाणी आहे. मग त्यानं अभिमानानं नवी बाग दाखवली, केळीची. मामा माझ्याकडे बघत राहिले.

खोल करताना कुठे, किती आणि कोणत्या थरापर्यंत खणायचं हे जमीन बघून ठरवावं लागतं. बसाल्टच्या गावात हाच नमुना जसाच्या तसा नेला तर नुसता खड्डा होतो. एवढं नोंदवून पुढे जाते, कारण त्या दिवशी मला ऊन लागलं आणि धुळ्यात मावशीकडे पोचल्यावर कैरीचं पन्हं पिऊन मी जी झोपले ती सकाळीच उठले.

दिवस पाचवा : धुळे, दातर्ती, साक्री

आज आखाजी. मावशीनं पहाटे नवी घागर धुवून ठेवली होती. पितरांची घागर. पण मामी साक्री तालुक्यातल्या माहेरी होत्या आणि मामांना त्यांच्या घरच्या घागरीला हात लावायचा होता, म्हणून आम्ही उजाडायच्या आत निघालो.

नकाणे तलावाजवळ पाच मिनिटं थांबलो. पांझरेच्या कालव्यानं भरणारा हा तलाव धुळे शहराची जुनी सोबत. मग दातर्ती. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये नोकरीला लागल्यावर सुरुवातीच्याच काळात खानदेशात होते आणि इथे पांझरेच्या पाटाचं पाणी पाइपांच्या सायफननं पलीकडे नेण्याचं काम त्यांनी केलं. भर पावसाळ्यात, नदीला पूर असताना. मामा हे सांगताना त्यांचा आवाज बदलतो. त्यांच्या घरी देव्हाऱ्याशेजारी विश्वेश्वरय्यांचा फोटो आहे.

पांझरेवर फड पद्धत आहे. तीनशेहून जास्त वर्षांची. नदीवर बुटका दगडी बंधारा, त्यातून पाट, पाटाला चाऱ्या म्हणजे फाटे, चारीतून सारंग म्हणजे शेतात जाणारा लहान पाट, आणि भिजणाऱ्या जमिनीचे चार-पाच मोठे तुकडे म्हणजे फड. एका फडात सगळ्यांचं एकच पीक. गावातल्या बहुतेकांची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात. पंच बसून बंधाऱ्यातलं पाणी बघतात आणि यंदा कोणत्या फडात ऊस, कोणत्यात गहू-हरभरा, कोणता फड पडीक ठेवायचा ते ठरवतात. पाणी कमी असलं की एक फड पूर्ण बंद. नुकसान सगळ्यांचं, पण सारखं. चार दिवस आम्ही आधी पीक ठरवून मग पाणी शोधणारी शिवारं बघितली होती. इथे पाणी बघून पीक ठरतं. सगळीकडे ही पद्धत आता धड उरलेली नाही. वर लाटीपाडा धरण झालं, खाली अक्कलपाडा धरण झालं, शिवारात बोअर आले, आणि बोअरवाल्याला पंचांची गरज वाटेनाशी झाली. मामींच्या गावी ती थोडी टिकून आहे.

आम्ही पोचलो तेव्हा पाट वाहत होता, हातभर रुंद, घोट्याएवढा. मामी अंगणात घागरीची तयारी करून बसल्या होत्या : नवी घागर, तिच्यावर ठेवायची केळी म्हणजे लहान मातीचं भांडं, वर डांगर म्हणजे खरबूज, ताटात सांजोऱ्या आणि आंबे. त्यांच्या आईला घागर पाटाच्याच पाण्यानं भरायची होती, दरवर्षीसारखी. मामा घागर घेऊन निघाले, मी मागे.

पाटावर पोचलो तेव्हा पाटकरी, म्हणजे पाणी वाटणारा गडी, सारंगाच्या तोंडाशी वाकला होता. हातात गवताचा पेंढा, पायाशी चिखलाचे गोळे. पेंढा आडवा दाबला, एक गोळा, दुसरा, वरून टाच मारली. पाणी बंद झालं.

"जिभाऊ, घागरपुरतं ठेवा," मामा म्हणाले.

"आते वरनी चारीनी पाळी शे," पाटकरी म्हणाला. "आनी पाटमा शे ना तुमना घागरपुरतं. उतरी जावाना पह्यले भरी ल्या."

खरंच, पाटात पाणी अजून होतं, पण उतरू लागलं होतं. दगडावर ओली रेघ वर राहिली होती आणि तिच्याखाली बोटभर जागा वाळत चालली होती. मामांनी घागर आडवी धरली, त्या झिऱ्यावरच्या बाईनं वाटी धरली होती तशी, आणि पाणी अलगद आत घेतलं. भरायला वेळ लागला. मग घागर माझ्याकडे देऊन त्यांनी खिशातून टेप काढला, ओल्या रेघेपासून पाण्यापर्यंत अंतर मोजलं आणि वही उघडली. तारखेच्या जागी त्यांनी फक्त 'आखाजी' लिहिलं.